घाट दिसत नाही, मग हे बनारस कसं?

भिंतीवर चार फुटी कॅनव्हास. राखाडी, मातकट तपकिरी, मधून गेलेली मळक्या पांढऱ्याची तिरपी फाक, खाली काळपट निळ्याचे दोन फटकारे. शेजारच्या पट्टीवर नाव: ‘वाराणसी’. बघणारा आधी पट्टी वाचतो, मग चित्रात घाट शोधतो, पायऱ्या शोधतो, होडी शोधतो. काहीच हाती लागत नाही, म्हणून पुढे सरकतो. जागा आणि आठवण यांवरच्या अमूर्त तैलचित्रांच्या प्रदर्शनात हे रोज घडतं. त्यात बघणाऱ्याचा दोष थोडाच आहे. चित्रात जागा लपवलेली नसते आणि ती शोधून काढायची नसते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. जागा असते ती रंगाच्या थरांत: कोणता थर आधी बसला, कोणता खरवडला, कोणता अर्धवट झाकून सोडून दिला. म्हणून अशी चित्रं समजून घ्यायची तर ती कशी रंगवतात, इथून सुरुवात केलेली बरी.

वर बनारसचं नाव घेतलं ते रामकुमार यांच्यामुळे. जन्म १९२४ चा, सिमल्याचा. दिल्लीत अर्थशास्त्र शिकले, बँकेत लागले, ती नोकरी सोडून पॅरिसला गेले आणि आंद्रे लोत व फेर्नां लेजे या चित्रकारांकडे चित्रकला शिकले. हिंदीत कथाही लिहीत. हिंदी लेखक निर्मल वर्मा त्यांचे धाकटे भाऊ. १९५० च्या दशकातल्या त्यांच्या चित्रांत माणसं आहेत, शहरात हरवलेली, उदास. १९६० साली ते हुसेन यांच्यासोबत (म्हणजे आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्यासोबत) बनारसला गेले आणि त्यानंतर त्यांच्या चित्रांतून माणूस नाहीसा झाला.

आता गंमत बघा. देशातल्या सगळ्यांत गजबजलेल्या नदीकाठी जाऊन आलेला चित्रकार एकही माणूस काढत नाही. सुरुवातीच्या बनारस-चित्रांत निदान घरं ओळखू येतात, एकमेकांवर रेललेली, खिडक्यांच्या काळ्या खोबण्यांची. पुढच्या वर्षांत तीही विरघळली आणि उरले ते तुकडे, उतार, चिखलाचे आणि राखेचे रंग. गर्दी काढायची तर हजार चेहरे काढावे लागतात, आणि हजार चेहऱ्यांत तिथलं दुःख हरवून जातं. चेहरे काढून टाकले की दाटी तेवढी उरते. घरं एकमेकांना ढकलतात ती दाटी. रामकुमार पुढे अनेकदा बनारसला गेले, पण चित्रं व्हायची ती दिल्लीच्या स्टुडिओत, मागाहून. त्या ‘मागाहून’लाच आपण इथे आठवण म्हणतोय.

‘अमूर्त’ या शब्दाखाली आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबतो, त्याचाही इथे उलगडा करून टाकू. पहिल्या प्रकारात सुरुवात एखाद्या खऱ्या वस्तूपासून किंवा जागेपासून होते आणि तपशील गळत जातात. रामकुमार या वाटेचे. दुसऱ्या प्रकारात बाहेरची कोणतीही गोष्ट मुळात धरलेलीच नसते. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) आपल्या चित्रांना अमूर्त म्हणायलाच तयार नसत. ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ हा शब्द त्यांना पसंत होता. मराठीत त्यासाठी ‘अप्रतिरूप’ चालेल. कुटुंब गोव्याचं, जन्म नागपूरचा, पण त्यांच्या चित्रात गोव्याचा समुद्र किंवा नागपूरचं ऊन शोधणं म्हणजे त्यांच्या सांगण्याला बगल देणं. सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) तिसरीकडेच. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातलं बालपण, वनखात्यातले वडील, जंगलातली रात्र, आणि मन एकाग्र व्हावं म्हणून शिक्षकांनी भिंतीवर काढून दिलेला ठिपका. ही सगळी शिदोरी घेऊन ते १९५० मध्ये पॅरिसला गेले आणि काही दशकांनी तो ठिपका ‘बिंदू’ होऊन कॅनव्हासवर आला. तेव्हा प्रदर्शनात शिरल्यावर पहिला प्रश्न हा: हा चित्रकार कुठल्या तरी जागेपासून निघालाय, की जागेचं नाव नंतर चिकटवलंय? दुसरी गोष्ट वाटते त्याहून जास्त वेळा घडते.

जागेपासून चित्रापर्यंत

एक उदाहरण घेऊन पायरीपायरीने जाऊ. कोकणातली जांभ्या दगडाची विहीर घ्या.

फोटो समोर ठेवला तर फोटोच रंगवला जातो. फोटोत सगळ्या गोष्टींना सारखं महत्त्व असतं: रहाट, बादली, कठड्यावरचा तुळशीचा डबा. आठवणीत तसं नसतं. म्हणून आधी फोटो न बघता, तळहाताएवढ्या कागदांवर आठ-दहा कच्ची रेखाटनं करायची, प्रत्येकाला दोन मिनिटं. ती शेजारी मांडली की कळतं, बादली दोनदाच आली, पण खालचा अंधार दहाही वेळा आला. ओल्या दगडाचा खडबडीतपणा सात वेळा आला. वरचा उजेड दर वेळी अगदी अरुंद पट्टीएवढा. जे पुन्हा पुन्हा आलं ते ठेवायचं, बाकीचं सोडायचं. अमूर्तीकरण म्हणतात ते एवढंच, त्यात गूढ काही नाही.

मग प्रमाण ठरवायचं. साधारण तीस बाय छत्तीस इंचांचा कॅनव्हास उभा धरला आणि विहिरीची आठवण ‘खोल’ अशी असली, तर अंधाराला दोन तृतीयांश जागा द्यावी लागेल. अर्धा अंधार, अर्धा उजेड केलं की खोली जाते आणि झेंडा दिसायला लागतो. गोल मात्र काढायचा नाही. गोल आला की डोळा लगेच ‘विहीर’ म्हणून मोकळा होतो आणि बघणं थांबतं.

रंग पाचच घ्या: बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), इंडियन रेड (विटकरी लाल), रॉ अंबर (गडद तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि टायटॅनियम व्हाइट (पांढरा). शेवाळाला वर विरिडियन या हिरव्याचा ठिपका. अंधारासाठी ट्यूबमधला काळा वापरला तर तो भोकासारखा सपाट दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून केलेला काळा एका बाजूला निळा, दुसऱ्या बाजूला तांबूस झुकवता येतो आणि त्यात नजर आत जाते. राखाडीचंही तेच. काळा-पांढरा मिसळून केलेला राखाडी रंग सिमेंटसारखा दिसतो, आणि जुन्या भिंतीचा राखाडी हवा तर त्यात तपकिरी नि निळा लागतो.

जांभ्याची छिद्रं ब्रशने एकेक काढत बसलं तर ते नक्षीकाम होतं. तिथे पोत रंगाकडूनच घडवून घ्यायचा. एक उपाय म्हणजे गेसोत (रंगाआधी कॅनव्हासला देतात त्या पांढऱ्या अस्तरात) संगमरवराची भुकटी मिसळून पृष्ठभाग खरखरीत करणं, चार भाग गेसोला एक भाग भुकटी. यापुढे गेलात तर थर ठिसूळ होतो. दुसरा उपाय म्हणजे ओल्या रंगावर वर्तमानपत्राचा कागद अंथरून हाताने दाबायचा आणि एका कडेने सोलून काढायचा. जादा तेल नि रंग कागदाबरोबर निघतो, मागे छिद्राछिद्रांचा ठसा उरतो. लंडनच्या स्लेड या कलाशाळेतले शिक्षक हेन्री टाँक्स यांच्या नावावरून याला ‘टाँकिंग’ म्हणतात. गायतोंडे रोलर आणि नाइफ (रंग लावायची-खरवडायची बोथट सुरी) वापरत, आणि फाडलेल्या कागदांचे आकार कॅनव्हासवर दाबून रंग लावत नि उचलत. त्यांच्या चित्रांत रंग आतून उजळल्यासारखा वाटतो, तो बराचसा या लावण्या-उचलण्याचा परिणाम. असं काम घाईने होत नाही. ते वर्षाकाठी मोजकीच चित्रं पूर्ण करत.

तैलरंगच का

अॅक्रिलिक अर्ध्या तासात वाळतो, पाण्यात धुता येतो, वास नाही. रझांनीही पुढे तैलरंग सोडून अॅक्रिलिक घेतला. सपाट, तळपत्या रंगक्षेत्रांना तो सोयीचा. मग आठवणीवर काम करणारे इतके चित्रकार तेलालाच का धरून राहतात? कारण तेल चित्रकाराला परत फिरू देतं. आज लावलेला थर उद्याही मऊ असतो, तो पुसता येतो, खरवडता येतो, त्यात दुसरा रंग ओढता येतो, आणि खालचा पुसट राहिलेला रंग वरच्यातून डोकावतो. आठवणीवर काम करताना हे फार लागतं, कारण पहिल्या दिवशी जे आठवलं ते आठवड्याने तसंच आठवत नाही.

कॅलिफोर्नियातल्या रिचर्ड डीबेनकॉर्न यांची ‘ओशन पार्क’ मालिका बघा. सांता मोनिकातल्या त्या वस्तीत स्टुडिओ घेऊन १९६७ पासून त्यांनी ही चित्रं सुरू केली. त्यांत आधी आखलेल्या आणि नंतर झाकलेल्या रेघा मुद्दाम दिसू दिल्या आहेत. बदललेला विचार त्यांनी लपवलेला नाही. जोन मिचेल यांचं बालपण शिकागोत, मिशिगन सरोवराकाठी गेलं. पुढे त्या फ्रान्समध्ये सेन नदीकाठच्या व्हेतॉय गावी राहिल्या. आपण मनात बाळगलेले भूप्रदेश रंगवतो, असं त्या सांगत. चित्र फ्रान्समध्ये होत होतं आणि त्यातलं पाणी बहुधा दोन्हीकडचं होतं.

तेल वाळतं म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घ्यावं लागतं, कारण निम्म्या चुका इथेच होतात. कपडा वाळतो तसं तेल वाळत नाही. जवसाच्या तेलातून काही उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन आत घेऊन घट्ट होतं, इतकं की या काळात त्याचं वजन थोडं वाढतं. म्हणून बंद, कोंदट खोलीत चित्र वाळायला वेळ लागतो, आणि वरून कोरडं लागलं तरी आत महिनोन्‌महिने हालचाल चालू असते.

यावरून जुना नियम येतो: खाली रुक्ष (कमी तेलाचा), वर स्निग्ध (जास्त तेलाचा). पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला. दुसऱ्याला एक भाग जवसाचं तेल आणि दोन भाग टर्पेंटाइन. शेवटच्या थरांना दोन्ही सम प्रमाणात. उलट केलं, म्हणजे तेलकट थरावर रुक्ष थर दिला, तर वरचा आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो, आणि वरच्याला तडे जातात. पहिल्या थरात टर्पेंटाइन अती झालं तर रंगाला धरून ठेवायला तेलच उरत नाही. बोट फिरवलं की भुकटी येते.

रंगांचे स्वभावही वेगळे. अंबरमध्ये मँगनीज असतं, ते वाळायला मदत करतं, म्हणून अंबर दोनेक दिवसांत हाताला लागेनासा होतो. टायटॅनियम व्हाइट त्याहून धिमा. आयव्हरी ब्लॅक (ट्यूबमधला काळा) आणि कॅडमियमचे लाल-पिवळे रंग आठवडाभर, कधी त्याहून जास्त चिकट राहतात. विहिरीचा अंधार आयव्हरी ब्लॅकने जाड भरला आणि दोन दिवसांनी त्यावर अंबर ओढला, तर सहा महिन्यांनी तडा नक्की. झिंक व्हाइटबद्दल तर स्पष्टच सांगायला हवं: त्याचा थर कालांतराने काचेसारखा ठिसूळ होतो आणि वरच्या रंगासह सुटून येतो. पुष्कळ ट्यूबांवर नुसतं ‘व्हाइट’ लिहिलेलं असतं आणि आत टायटॅनियमबरोबर झिंक मिसळलेलं असतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो; तिथे ‘पीडब्ल्यू ४’ (PW4) दिसलं तर तो झिंक. ‘पीडब्ल्यू ६’ हा टायटॅनियम.

जाडीचा हिशोबही एकदा करून बघावा. तीस बाय छत्तीस इंचांवर सर्वत्र फक्त एक मिलिमीटर जाड रंग द्यायचा म्हटलं तर सुमारे ७०० मिलिलिटर रंग लागतो, म्हणजे ४० मिलिलिटरच्या सतरा-अठरा ट्यूब. म्हणून जाडी जपून, एखाद्या पाव भागात वापरतात, आणि चित्रासाठीही तेच बरं. सगळीकडे जाड रंग असला की कुठेच जाड वाटत नाही.

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात. वाळल्यावर काही भाग मंद, निस्तेज दिसू लागतात, कारण खालच्या थराने तेल शोषलेलं असतं. तिथे रंग बिघडला समजून पुन्हा रंगवायला बसू नये; अगदी पातळ तेल कापडाने चोळून लगेच पुसून घेतलं की मूळ छटा परत येते. आणि तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. ऑक्सिजन घेताना उष्णता सुटते, बोळ्यात ती कोंडते, आणि चिंधी काडी न लावता पेट घेऊ शकते. पसरून वाळत घालावी किंवा पाण्याच्या डब्यात टाकावी.

भिंतीवर

मुंबईत अशी प्रदर्शनं बघायची म्हटलं की काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी आलीच. १९५२ पासून ती शहराची सवय झाली आहे. पण गॅलरी कोणतीही असो, अमूर्त चित्रांची मांडणी जास्त काळजीने करावी लागते. व्यक्तिचित्र थोडं वाकडं टांगलं तरी चेहरा चेहराच राहतो. इथे शेजारच्या चित्राचा लाल रंग या चित्रातला राखाडी हिरवट करून टाकतो.

चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून ५८ इंचांवर ठेवतात, म्हणजे सरासरी उंचीच्या माणसाची नजर सरळ पडते. खिळा कुठे मारायचा? ५८ मध्ये चित्राची निम्मी उंची मिळवा आणि मागची तार ताणल्यावर ती वरच्या कडेपासून जितकी खाली येते तेवढं वजा करा. चित्र ४८ इंच उंच आणि तार ४ इंच खाली असेल तर ५८ अधिक २४ वजा ४, म्हणजे ७८ इंच. तार न ताणता मोजणं ही नेहमीची चूक. मग चित्र दोन इंच खाली बसतं आणि रात्री अकराला भिंतीत दुसरं भोक पडतं.

अंतराचं गणितही सोपं. चाळीस फुटी भिंत, तीन फुटी सात चित्रं: एकवीस फूट गेले, एकोणीस उरले, दोन्ही टोकं धरून आठ मोकळ्या जागा, प्रत्येकी साधारण साडेअठ्ठावीस इंच. जमतं. आठवं चित्र घुसवायचा मोह प्रत्येक चित्रकाराला होतो. जागेवरच्या चित्रांना तरी निदान जागा द्यावी.

दिवा वरून, उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंशांत. यापेक्षा समोरून आला तर तेलाच्या चकाकीत चित्राऐवजी बल्ब दिसतो, आणि भिंतीला फार लगटून आला तर रंगाच्या प्रत्येक उंचवट्याची सावली लांब पडून जांभ्याचा दगड चंद्राचा पृष्ठभाग दिसायला लागतो. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वर असलेले दिवे घ्यावेत. स्वस्त एलईडीत तांबडे-तपकिरी रंग मरतात, आणि मातीच्या आठवणींची चित्रं बहुधा त्याच रंगांत असतात.

शेजारच्या पट्टीवर नाव, साल, माध्यम, मापं (आधी उंची, मग रुंदी) एवढं पुरे. निवेदन लावायचंच तर शंभर-दीडशे शब्दांचं, आणि त्यात जागेचं नाव, चित्रकार तिथे केव्हा होता, काय बघत होता हे असावं. ‘स्मृतींच्या अनंत प्रवासातील स्पंदनं’ असं लिहिलेलं वाचून आजवर कुणाला एक रेघही जास्त दिसलेली नाही.

बघताना

आधी पट्टी वाचू नका. दहा फुटांवर उभं राहून फक्त वजन बघा: चित्र कुठे जड आहे, कुठे उघडं, नजर वर जाते की खाली ओढली जाते. मग हात लांबवला तर लागेल इतकं जवळ जा (लावू मात्र नका) आणि सर्वांत खालचा रंग शोधा. तो बहुतेक कडेला सापडतो. कॅनव्हासच्या दुमडलेल्या बाजूवर ओघळ असतात, पुढून झाकलेले पहिले थर तिथे उघडे असतात. राखाडी चित्राच्या कडेला भगवा दिसला तर समजा, या चित्राने बरंच काही पोटात घातलंय. मग बाजूला सरकून तिरपं बघा: खरवडलेल्या जागा, नाइफने ओढलेल्या धारा, कागदाने उचललेले ठसे. तीन-चार मिनिटं लागतात. त्यानंतर नाव वाचा. ‘वाराणसी’ असेल तर होडी शोधू नका. मघाशी जी दाटी, जो उतार, जो ओला राखाडी जाणवला, तो आणि ते नाव शेजारी ठेवून बघा. जमलं तर जमलं. न जमण्याची जबाबदारी दर वेळी बघणाऱ्याची नसते. पुष्कळ चित्रांत थरच नसतात, एका दुपारी उरकलेला पृष्ठभाग असतो आणि त्यावर गावाचं नाव.

चित्र विकत घेणाऱ्यांसाठी: रंगवल्याचा महिना विचारा. तैलचित्राला अंतिम वार्निश सहा महिने ते वर्षभरानंतरच देतात, त्यामुळे ताज्या चित्रावर ते नसेल, आणि नसणंच योग्य. घरी बाहेरच्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर टांगू नका. मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे अर्ध्या इंचाचे तुकडे चिकटवले की हवा खेळते आणि बुरशी कॅनव्हासवर चढत नाही. कपाटात गुंडाळून ठेवलेलं चित्र पिवळट पडतं, कारण जवसाचं तेल अंधारात पिवळं होतं. काही आठवडे उजेडाच्या खोलीत (थेट उन्हात नव्हे) टांगलं की बराचसा पिवळेपणा ओसरतो.

आणि शेवटच्या दिवशी चित्रं उतरवताना रंगाच्या बाजूवर थेट बबल रॅप गुंडाळू देऊ नका. आधी ग्लासीन (गुळगुळीत, न चिकटणारा कागद) किंवा सिलिकॉनचा कागद, मग कोपऱ्यांना पुठ्ठा, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. जाड थर आतून मऊ असतो, टेम्पोत गरम होतो, आणि घरी उघडल्यावर विहिरीच्या अंधारावर ओळीने उठलेले गोल गोल ठसे दिसतात.